गरम पाण्यात पाय सोडण्यापूर्वी

मैत्रिणींनो, खरं सांगा, दिवसातले किती तास तुम्ही उभ्या असता? सकाळी दूधवाल्याला दार उघडल्यापासून रात्री ओटा पुसून दिवा मालवेपर्यंत बसणं म्हणाल तर जेवणापुरतं, आणि तेही वाढता वाढता. नोकरी करत असाल तर त्यात बसचा उभ्यानं प्रवास आला. शिक्षिका असाल तर फळ्यासमोरचे पाच-सहा तास आले. मग रात्री पोटऱ्या भरून येतात, टाचा ठणकतात, आणि कुणीतरी म्हणतं, "अगं, टबात कढत पाणी घे, मूठभर एप्सम सॉल्ट टाक आणि पाय सोडून बस. बघ कशी हलकी होतेस!"

पूर्वी हा सल्ला एखादी माहितगार शेजारीण द्यायची. आता तो मोबाईलवर रोज येतो, सोबत गुलाबाच्या पाकळ्या तरंगणाऱ्या टबाचा फोटोही असतो. सल्ला वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मी स्वतः कितीतरी वेळा असे पाय भिजवले आहेत आणि त्यानंतर छान झोपले आहे. पण त्याच टबानं आमच्या घरी दोन महिने दवाखान्याच्या खेपा घालायला लावल्या. ती हकीकत आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी इतकं तपशिलानं का लिहिते आहे ते तुमच्या लक्षात येईल.

सासूबाईंचा पाय

आमच्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या. मधुमेह बारा-चौदा वर्षांचा. थंडी सुरू झाली की त्यांच्या पायांना मुंग्या यायच्या. "कापसावर चालल्यासारखं वाटतं गं," असं म्हणायच्या. मला वाटलं, वय झालं, रक्त फिरत नसेल. औषधाच्या दुकानातून एप्सम सॉल्टचं पाकीट आणलं, प्लॅस्टिकच्या टबात गरम पाणी घेतलं, स्वतःचा हात घालून पाहिलं आणि त्यांना पाय सोडून बसवलं. शेजारी कढत पाण्याची किटली ठेवली आणि मी पोळ्या लाटायला गेले.

चूक झाली ती तिथे. पाणी निवल्यासारखं वाटलं म्हणून त्यांनी किटलीतलं पाणी स्वतःच टबात ओतलं. एकदा नव्हे, दोनदा. अर्ध्या तासानं मी आले तेव्हा तळवे पांढरे पडून सुरकुतले होते आणि अंगठ्याजवळ लालसर दिसत होतं. "बरं वाटलं का?" विचारलं, तर म्हणाल्या, "छान वाटलं." सकाळी पाहते तर रुपयाएवढा फोड! तो चपलेत फुटला, त्यात पाणी गेलं, चौथ्या दिवशी पू झाला.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, भाजलं तेव्हा कळलं नाही?"

"नाही हो, दुखलंच नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "दुखलं नाही, हाच तर आजार आहे. मुंग्या आणि कापूस म्हणजे पायाच्या नसा बधिर होत चालल्याची खूण."

अंगठा वाचला, पण एक दिवसाआड ड्रेसिंग करता करता दोन महिने गेले. माझ्या हातून, माझ्या चांगल्या हेतूनं हे झालं, ही गोष्ट मला अजून टोचते. म्हणूनच मी या मिठाची सगळी माहिती गोळा करायला बसले.

हे मीठ आहे तरी काय?

नावात मीठ असलं तरी हे आपल्या भाजीतलं मीठ नव्हे, सैंधवही नव्हे. हे मॅग्नेशियम सल्फेट. दवाखान्यात याला 'मॅगसल्फ' म्हणतात. दिसायला बारीक खडीसाखरेसारखं, चवीला मात्र कडू. त्याच्या स्फटिकात निम्मं वजन पाण्याचंच असतं आणि मॅग्नेशियम जेमतेम दहावा हिस्सा.

इंग्लंडमध्ये लंडनजवळ सरे परगण्यात एप्सम नावाचं गाव आहे. १६१८ साली तिथल्या एका गुराख्याच्या लक्षात आलं की तहानलेली गुरंसुद्धा एका डबक्याचं पाणी तोंडाला लावत नाहीत. पाणी कडू होतं, पण त्यानं जखमा भरतात असा बोलबाला झाला, अशी त्या गावाची कथा आहे. पुढे लोक ते पाणी पोट साफ होण्यासाठी पिऊ लागले. नेहेमाया ग्रू या शास्त्रज्ञानं १६९५ साली या कडू मिठावर ग्रंथच लिहिला. म्हणजे पाहा, याची पहिली मोठी कीर्ती पाय शेकण्याची नाही, जुलाबाची! आपल्याकडेही जुन्या माणसांना ते 'जुलाबाचं मीठ' म्हणूनच आठवेल.

तुमचं माहेर किंवा सासर शेतीवाडीचं असेल तर हे नाव तुम्ही कृषी केंद्रातही ऐकलं असेल. कपाशीची पानं लाल पडू लागली, 'लाल्या' आला, की मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करतात. द्राक्षबागेतही ते देतात. पण ते पोतं खताच्या दर्जाचं. 'एकच तर वस्तू आहे आणि स्वस्तही पडते' म्हणून ते अंघोळीला वापरू नका. औषधाच्या दर्जाइतकी त्याची शुद्धता तपासलेली नसते.

आराम मिळतो तो कशाचा?

पाकिटावर लिहिलेलं असतं की मॅग्नेशियम कातडीतून आत जातं, स्नायू सैल होतात, अंगातली 'विषं' बाहेर पडतात. यातलं खरं किती?

आपली धडधाकट कातडी ही पावसाळी रेनकोटासारखी असते. क्षार आत येऊ न देणं हे तिचं कामच आहे. टबात बसून अंगातलं मॅग्नेशियम वाढतं असं सांगणारा एक इंग्लंडमधला छोटा अहवाल नेहमी पुढे केला जातो, पण तो मोजक्या माणसांवरचा आहे आणि शास्त्रीय नियतकालिकात रीतसर छापलेला नाही. उलट २०१७ साली 'न्यूट्रिएन्ट्स' या नियतकालिकात या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा आला. कातडीवाटे मॅग्नेशियम मिळतं या दाव्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि 'विषं' बाहेर टाकायला देवानं मूत्रपिंडं आणि यकृत दिलेलं आहे. पायाच्या तळव्यांतून ती गळत नाहीत.

मग बरं वाटतं ते खोटं का? मुळीच नाही. कोमट पाण्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात. शिवाय पंधरा मिनिटं कुणी "अगं, माझा डबा कुठाय?" म्हणून हाक मारत नाही, हा आराम तर आपल्यासाठी सर्वांत मोठा! म्हणजे श्रेय बहुतेक गरम पाण्याचं आणि विश्रांतीचं. हे ध्यानात ठेवा, कारण अपायसुद्धा बहुतेक गरम पाण्यामुळेच होतात.

अंगात मॅग्नेशियम हवं असेल तर ते ताटातून घ्या. तीळ, शेंगदाणे, बाजरी, नाचणी, राजगिरा, पालक, कडधान्यं यांत ते भरपूर असतं. संक्रांतीची बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी हे काम टबापेक्षा चोख करते.

अपाय कोणकोणते?

*कातडी कोरडी पडणं आणि खाज.* गरम पाणी कातडीवरचं नैसर्गिक तेल काढून टाकतं. त्यात क्षार वाळून बसला की कातडी ताणते, खाजते, कधी लाल पुरळ उठतं. थंडीत, आणि ज्यांच्या टाचांना भेगा आहेत त्यांना हा त्रास अधिक. भेग खोल असेल तर मिठाचं पाणी झोंबतं. झोंबणं म्हणजे 'औषध लागू पडतंय' असा आपला एक समज असतो. तसं काही नाही. झोंबलं तर पाय बाहेर काढा आणि साध्या पाण्यानं धुवा.

*बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या.* पावसाळ्यात धुणं-भांडी करून आपल्या बोटांच्या बेचक्या आधीच कुजलेल्या असतात. ती बुरशी असते आणि बुरशीला ओल फार आवडते. रोज पाय भिजवून ते नीट न पुसता झोपलात तर चिखल्या वाढतात. आणखी एक गोष्ट, घरात एकाला चिखल्या असतील तर एकाच टबात सगळ्यांनी पाय घालू नयेत.

*चक्कर येणं.* गरम पाण्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात तसा रक्तदाब उतरतो. नुसते पाय बुडवले तर फारसा नाही, पण टबात छातीपर्यंत बसून अंग शेकलं तर चांगलाच उतरू शकतो. मग झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि फरशी ओली! ज्यांचा रक्तदाब मुळात कमी आहे, जे रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, ज्यांना हृदयविकार आहे आणि जे वयस्कर आहेत, त्यांनी पूर्ण अंग भिजवण्याची अंघोळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

*पायावरची सूज वाढणं.* हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. पोटऱ्यांवर निळ्या फुगीर शिरा असतील, तर गरम पाण्यानं त्या आणखी फुगतात आणि सूज उतरण्याऐवजी चढते. अशा पायांना पाण्यापेक्षा उशीवर उंच ठेवण्यानं आराम पडतो.

*भाजणं.* गीझरचं पाणी सहज ५५-६० अंश सेल्सियसपर्यंत तापतं. ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजू शकतं. निरोगी माणूस पाय चटकन मागे घेतो. ज्याच्या नसा बधिर झाल्या आहेत त्याला मागे घ्यायचं कळतच नाही. म्हणून मधुमेही माणसाचे पाय भिजत ठेवूच नका. ना मिठात, ना नुसत्या पाण्यात. पाण्यात राहून कातडी मऊ पडते, मग कोरडी होऊन तडकते, तडकलेल्या जागी जंतू शिरतात, आणि साखर वाढलेली असली की जखम भरायचं नाव घेत नाही. आमच्या घरी झालं ते अगदी असंच.

*मूत्रपिंडाच्या रुग्णांना धोका.* अंगात जास्तीचं मॅग्नेशियम गेलं तर ते लघवीवाटे बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. तेच नीट चालत नसेल तर ते साठत जातं. अखंड कातडीतून फार काही आत जात नाही हे खरं, पण भाजलेली, सोललेली, जखमी कातडी रेनकोट राहत नाही. त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा प्रयोग घरच्या घरी नको.

एक गैरसमज मात्र काढून टाकते. 'मला सल्फाच्या गोळ्यांची ॲलर्जी आहे, मग हे सल्फेट चालेल का?' असं पुष्कळ जणी विचारतात. सल्फाची औषधं वेगळी आणि सल्फेट वेगळं. नावं सारखी, एवढंच. सल्फाच्या ॲलर्जीमुळे एप्सम सॉल्ट वर्ज्य होत नाही. आणि पाळीच्या दिवसांत? त्या दिवसांतही पाय भिजवायला काही हरकत नाही. उलट उबेनं ओटीपोटाला बरं वाटतं.

गरोदरपणात तर विशेष जपा

हा भाग घाईनं वाचू नका. तुमच्या घरी सून, लेक, नणंद बाळंतपणाला येणार असेल तर तिलाही वाचायला द्या.

पहिल्या तीन महिन्यांत अंग फार तापेल अशी अंघोळ करूच नये. आईच्या शरीराचं तापमान ३९ अंश सेल्सियसच्या वर गेलं तर बाळाच्या मेंदूच्या आणि मणक्याच्या घडणीत दोष राहण्याची शक्यता वाढते. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवण्यानं एवढं अंग तापत नाही, त्याची भीती बाळगू नका. भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक पहिलटकरीण माहेरी आली होती. आठवा महिना लागला आणि पाय सुजले. आईनं प्रेमानं रोज रात्री एप्सम सॉल्टच्या पाण्यात तिचे पाय ठेवले. सूज थोडी कमी वाटायची, सकाळी पुन्हा हजर. "पहिल्या खेपेला सुजतातच," असं सगळ्या म्हणत होतो. मीही म्हटलं. एक दिवस समोरच्या ब्लॉकमधल्या नर्सबाई जिन्यात भेटल्या. त्यांनी पायांकडे पाहिलंच नाही, बोटांकडे पाहिलं. "अंगठी निघते का गं?" विचारलं. निघत नव्हती. "डोकं दुखतं? डोळ्यांपुढे चमकतं?" दोन्हींना ती 'हो' म्हणाली. रक्तदाब पाहिला तर १६० वर ११०. त्याच तासाला तिला दवाखान्यात नेलं.

गरोदरपणी रक्तदाब असा चढला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली तर झटके येऊ शकतात. त्यात आईचाही जीव जातो, बाळाचाही. आणि गंमत बघा, दवाखान्यात हे झटके टाळायला तिला जे औषध दिलं, ते होतं मॅगसल्फ! ज्या मिठात तिचे पाय रोज भिजत होते, तेच इंजेक्शननं शरीरात गेलं तेव्हा कामाला आलं. आई आणि मुलगी दोघीही सुखरूप घरी आल्या.

या औषधाची महती मोठी आहे. ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांवर केलेली 'मॅगपाय' नावाची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. या इंजेक्शननं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, असं तीत दिसून आलं. आपल्याकडे डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली भारतीय स्त्रियांना मानवेल अशी कमी मात्रेची पद्धत मांडली. मात्रेचा एवढा विचार का? कारण हे मीठ रक्तात जास्त झालं तर माणूस गळून जातो, श्वास मंदावतो. म्हणून इंजेक्शन देताना नर्स गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहते, श्वास मोजते, लघवी मोजते आणि उताऱ्याचं कॅल्शियमचं इंजेक्शन हाताशी तयार ठेवते. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानं तर २०१३ साली बजावलं आहे की अपुऱ्या दिवसांच्या कळा थोपवण्यासाठी हे इंजेक्शन सलग पाच-सात दिवसांहून जास्त देऊ नये, त्यामुळे पोटातल्या बाळाची हाडं कमजोर होऊ शकतात.

टबातल्या पाण्यानं असं काही होत नाही. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. पाण्यात पाय बुडवून गरोदरपणाचा रक्तदाब बरा होत नाही, नुसती सूज थोडी झाकली जाते आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. एप्सम सॉल्टचा सर्वांत मोठा अपाय मला हाच वाटतो. चेहरा आणि हात सुजणं, डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली वर दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर टब बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतरचंही सांगते. टाके असताना टबात बसून शेकायचं की नाही, पाण्यात काय घालायचं, हे तुमच्या डॉक्टरीणबाईंनाच विचारा. सिझेरियनची जखम पूर्ण भरेपर्यंत ती पाण्यात बुडवू नका.

पोटात मात्र जाऊ देऊ नका

'पाकिटावर पोट साफ करतं असं लिहिलंय, मग घेऊ का चमचाभर?' नको. हे जालीम जुलाब आहे. अंगातलं पाणी झपाट्यानं जातं, पोटात मुरडा येतो, आणि लहान मुलं, म्हातारी माणसं व मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या रक्तात मॅग्नेशियम साठून जिवावर बेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. मळमळ, अंग लाल आणि गरम वाटणं, झापड, हातापायांतलं बळ जाणं, श्वास मंदावणं ही त्याची लक्षणं. असं दिसलं तर घरगुती उतारे करत बसू नका, पाकीट बरोबर घेऊन तडक दवाखान्यात जा.

आणि हो, ठेवायची जागा! आपण काय करतो, पाकीट फोडलं की रिकाम्या कॉफीच्या बाटलीत भरतो आणि मांडणीवर ठेवून देतो. दिसायला साखर! घाईच्या वेळी कुणाच्याही हातून ती बाटली चहाला लागेल. एप्सम सॉल्ट स्वयंपाकघरात ठेवूच नका. न्हाणीघरातल्या उंच फळीवर, मूळ पाकिटासकट डब्यात, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहून ठेवा. आणि मुलांना टबात बसवून 'तोंडात घालू नको' म्हणण्यात अर्थ नाही, ती घालतातच. लहान मुलांना हा प्रयोग नको.

दार बंद, गीझर चालू

मिठाशी संबंध नसलेली पण अगदी महत्त्वाची एक गोष्ट. पुष्कळ घरांत गॅसचा गीझर न्हाणीघरातच असतो. खिडकी बंद, दार बंद, आणि आत अर्धा तास शेकत बसणं हे जिवावरचं काम आहे. हवा पुरेशी नसली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि आतली व्यक्ती कडी काढायच्या आत बेशुद्ध पडते. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. ते होईपर्यंत आधी बादली भरून घ्या, गीझर बंद करा, खिडकी उघडी ठेवा आणि मगच आत जा. पाय भिजवायचे तर ते बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर बसूनच बरे.

मग करायचं कसं?

तुम्ही धडधाकट आहात, पायाला जखम नाही, वर सांगितलेलं दुखणं नाही, तर आठवड्यातून दोनदा खुशाल पाय भिजवा. माझी रीत अशी:

१. तांब्या-पितळेचं घंगाळ नको, क्षारानं ते डागळतं. प्लॅस्टिकचा टब घ्या.

२. चार-पाच लिटर कोमट पाणी घ्या. आधी गार पाणी, मग त्यात गरम. बाळाला न्हाऊ घालताना पाहतो तसं कोपर बुडवून पाहा. कोपराला सुखावेल एवढंच ऊन हवं. थर्मामीटर असेल तर ३७-३८ अंश.

३. अर्धी वाटी एप्सम सॉल्ट पुरे. दुप्पट घातलं म्हणून दुप्पट आराम नाही, कातडी मात्र दुप्पट कोरडी पडते. पाकिटावरच्या सूचना वाचाच.

४. दहा-पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पाय पाण्यात असताना वरून कढत पाणी ओतायचं नाही.

५. सावकाश उठा. जवळ आधाराला काहीतरी ठेवा. आधी आणि नंतर पेलाभर पाणी प्या.

६. साध्या पाण्यानं पाय धुवा. बोटांच्या बेचक्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं कोरड्या करा. मग तळव्यांना, टाचांना खोबरेल लावा. बेचक्यांत तेल नको.

उरलेलं पाणी मोरीत टाकायला जीव होत नसेल तर बादलीभर साध्या पाण्यात मिसळून एखाद्या वेळी गुलाबाला घाला, झाडाला मॅग्नेशियम चालतं. पण रोज एकाच कुंडीत नको, आणि पाण्यात साबण किंवा शांपू गेलेला असेल तर मुळीच नको.

केव्हा थांबायचं?

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. ती ना चोळायची, ना शेकायची, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. दोन्ही पाय रोज सुजत असतील, जिना चढताना धाप लागत असेल, सकाळी डोळ्यांखाली सूज असेल, तर ते थकवा म्हणून सोडू नका. हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड, रक्तक्षय, कशाचीही ती हाक असू शकते. पाय मुंग्या येऊन बधिर होत असतील तर आधी रक्तातली साखर तपासा. आपण घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या लक्षात ठेवतो, स्वतःचं दुखणं मात्र टबात बुडवून टाकतो. असं करू नका.

आमच्या सासूबाईंचा पाय आता बरा आहे. टब माळ्यावर गेला. रोज रात्री मी त्यांचे तळवे उजेडात नीट पाहते, कुठे लाली, फोड, भेग नाही ना याची खात्री करते, आणि कोमट हातानं खोबरेल लावते. पाच मिनिटं लागतात. परवा म्हणाल्या, "अगं, तुझ्या त्या मिठापेक्षा हेच बरं वाटतं." मी काही बोलले नाही. दुसऱ्या पायाला तेल लावायला घेतलं.